विषय: उवांचं औषध लावलं, तरी परत वळवळ

मंडळी नमस्कार,

जरा लाज वाटतेय लिहायला पण विचारतेच. धाकटीच्या डोक्यात उवा झाल्यात, कानामागे बघितलं तर केसाकेसाला लिखा, मग थोरलीचं डोकं बघितलं तर तिच्याही. परमेथ्रिनवालं औषध लावलं, दोन दिवसांनी बघते तर परत वळवळ. चादरी, पडदे, सोफ्याची कव्हरं सगळं धुऊन काढलं, कुत्र्यालाही आंघोळ घातली, आता हे म्हणतायत सरळ टक्कल करू. काय करू? आणि ह्या उड्या मारतात का हो?

*

ताई, आधी त्या बिचाऱ्या कुत्र्याला सोडा 😀 आपल्या डोक्यातली ऊ त्याच्या अंगावर जगत नाही. ती उडत नाही, उडी मारत नाही, नुसती चालते, त्यामुळे डोक्याला डोकं लागलं की इकडून तिकडे, आणि पोरी एका मोबाईलवर डोकी जोडून बसल्या की तिला आयताच रस्ता. लाज कसली, धुतलेल्या केसांतही ती तेवढ्याच मजेत राहते. पडदे-सोफ्याच्या मागे लागू नका, डोक्यावरून पडलेली ऊ एकदोन दिवसांत मरते, उश्यांचे अभ्रे, टोप्या, कंगवे गरम पाण्यातून काढले की पुरे.

खरी गोम लिखांची आहे. परमेथ्रिन चालत्या उवा मारतं, लिखा बऱ्याचशा वाचतात, त्या साधारण सहा ते नऊ दिवसांत फुटतात आणि ती पिल्लं मोठी होऊन अंडी घालायला अजून ९ ते १२ दिवस लागतात. म्हणून दुसरा डोस साधारण नवव्या दिवशी, सगळी पिल्लं बाहेर आलेली असतात पण अंडी घालण्याइतकी झालेली नसतात. घाईने रोज रोज लावून काही होत नाही, टाळू तेवढी जळजळते. पण दोन दिवसांनीही पहिल्यासारख्याच टुणटुणीत पळत असतील तर त्या ह्या औषधाला दाद देत नाहीयेत असं समजा (हल्ली हे फार होतं) आणि डॉक्टर किंवा फार्मसिस्टला विचारून दुसरं घ्या. डायमेथिकोनवालं मिळतं, ते विषारी नाही, उवेला नुसतं लेप देऊन मारतं.

औषध कुठलंही लावा, फणी चुकवू नका. केस ओले करून कंडिशनर चोपडायचा, साध्या कंगव्याने गुंता काढायचा, मग बारीक दातांची फणी टाळूला टेकवून पार टोकापर्यंत ओढायची आणि दर वेळी पांढऱ्या टिश्यूवर पुसायची. कंडिशनरमुळे उवांना पळता येत नाही. टिश्यूवर तिळाएवढं तपकिरी काही पाय हलवताना दिसलं की सापडली. दर तीन-चार दिवसांनी, निदान दोन आठवडे, कंटाळा येतो पण इलाज नाही. फक्त परमेथ्रिन लावणार त्या दिवशी आधी कंडिशनर नको आणि नंतर एकदोन दिवस शाम्पू नको.

*

वरच्या मेलला +१. टक्कल वगैरे काही नको, पोरगी आयुष्यभर बोलून दाखवेल. टाळूपासून सेंटीमीटरभर लांब असलेल्या लिखा बहुतेक रिकाम्या टरफलंच असतात, त्या बघून परत औषध लावू नका, जिवंत ऊ दिसली तरच. कोंडा आणि लीख ह्यात गोंधळ होत असेल तर झटकून बघा, कोंडा पडतो, लीख नखाने ओढावी लागते. घरातल्या सगळ्यांची डोकी बघा, तुमचं स्वतःचंही, खाज नाही म्हणजे उवा नाहीत असं नसतं, पहिल्यांदा झाल्या तर खाज सुटायला चार-सहा आठवडेही लागतात. रॉकेल लावा म्हणून कुणी सांगेल, अजिबात ऐकू नका, पेट घेतं आणि कातडी भाजते. आणि मैत्रिणींच्या आयांना कळवून टाका, नाहीतर तुम्ही काढताय आणि तिकडून परत येतायत.

*

थँक्यू थँक्यू, जीव भांड्यात पडला. पडदे परत लावते. फणी प्लास्टिकची चालेल ना? औषधाच्या खोक्यात आलीये.

*

ती द्या टाकून. प्लास्टिकचे दात वाकतात, लिखा मधून निसटतात. धातूची, लांब दातांची घ्या.