एकाच ऑफिसात विंडोज, लिनक्स, मॅक : तुमचे अनुभव सांगा

जळगाव एमआयडीसीत आमचा चटईचा कारखाना. ऑफिसात कॉम्प्युटरची मशिनं २६. टॅलीसाठी विंडोज, डिझाइनवाल्या पोराचा मॅक. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट थांबले आणि नऊ जुनी मशिनं टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही म्हणून विंडोज ११ ला चालेनात. त्यांवर उबंटू हे लिनक्स टाकलं. स्टोअरच्या मशिनवर विंडोज आणि उबंटू दोन्ही, कारण बारकोडचा जुना प्रोग्राम विंडोजशिवाय हलत नाही. ठरवून काहीच केलं नाही, होत गेलं. तुमच्याकडे काय चाललंय?

काटावाला, धरणगाव
जिनिंगच्या काट्यावरच्या मशिनवर मीच हौसेने लिनक्सही टाकलं होतं. नेट नाही तिथे. एकदा कापसाची गाडी सकाळी ११ ला लागली, पावतीवर छापलं ५:३०. मालवाले नाना पावती नाचवत आले, "हाई काय व्हयनं भो? मी काय रातभर तुझ्या काट्यावर झोपेल होतो?" लिनक्स मशिनच्या घड्याळात युटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ ठेवतं आणि विंडोज तीच वेळ इथली समजून दाखवतं. बरोबर साडेपाच तासांचा फरक. मी आधी बॅटरीचा सेल बदलला, मग दुसऱ्यांदाही बदलला! शेवटी लिनक्सलाच स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं. नाना अजून पावती घेतली की आधी घड्याळ बघतात.

पत्रिकावाली, धुळे
आमच्या प्रेसमधल्या जुन्या लग्नपत्रिका युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या लिनक्सवर "चि. सौ. कां." च्या जागी कंस नि डॉलर. विंडोजच्या मंगल या युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेलं वाचता येतं, पण लिनक्सवर मंगल नसतो, दुसरा फॉन्ट येतो नि ओळी सरकतात. एका पानाची आमंत्रण यादी दोन पानांवर गेली होती. आता सगळीकडे नोटो सान्स देवनागरी हा एकच फॉन्ट, आणि छपाईला फक्त पीडीएफ.

मिरचीपूड, नंदुरबार
लिनक्स सर्व्हरवर मोठ्या बी चं 'बिल' आणि छोट्या बी चं 'बिल' या दोन वेगळ्या फायली. विंडोजवाल्यांना दोन्ही दिसायच्या, उघडायची एकच. दीड दिवस गेला.

शिरपूरकर
मॅकवर पेन ड्राइव्ह वाचला जातो पण त्यात लिहिता येत नाही? तो विंडोजच्या एनटीएफएस फॉरमॅटमध्ये असेल. दोन्हीकडे चालणाऱ्या एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. आधी आतल्या फायली काढून घ्या, सगळं पुसलं जातं, मी काढला नव्हता.

जुनं तेच सोनं, चाळीसगाव
आमच्या लेबल प्रिंटरला जुनं विंडोज एक्सपीच लागतं. त्याचं फोल्डर नव्या विंडोजला दिसावं म्हणून एसएमबी १ (नेटवर्कवर फायली वाटायची जुनी पद्धत) चालू करा, असं एकाने सुचवलं. २०१७ चा वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस तिथूनच शिरला होता. मी एक्सपीची नेटवर्कची वायरच काढली. फाइल पेन ड्राइव्हवर नेतो, साहेब हसतात. हसू द्या.

धागाकर्ता
धरणगावच्या भाऊंचं वाचून स्टोअरचं मशीन बघून आलो. साडेपाच तास मागे.