मदत हवी आहे: शेरवानीचा फ्रॉक कोट होईल का?

आमच्या एकांकिकेत १८९० सालचं लंडन आहे. दुपारी चार वाजता एक वकील भेटीला येतो. भाड्याच्या कपडेपटातून शेपटीवाला टेलकोट आला. अहो, तो रात्रीच्या मेजवानीचा! दुपारी एकतर पुढून तिरका कापलेला मॉर्निंग कोट, नाहीतर गुडघ्यापर्यंत सरळ घेराचा फ्रॉक कोट. वकीलसाहेब जुन्या वळणाचे, म्हणून मला फ्रॉक कोटच हवाय.

टेलरकाका म्हणतात, काळी शेरवानी उसवून करू. पण फ्रॉक कोटला कमरेत आडवी शिवण असते, खालचा घेर वेगळा जोडतात. शेरवानी कमरेत कापली तर घेराला कापड पुरेल का? आणि लॅपल (कॉलरखाली छातीवर उलट्या दुमडलेल्या पट्ट्या) कशातून काढायचे? कोणी असं शिवून घेतलंय का? प्रयोग पंधरा दिवसांवर आलाय. (पट्ट्यापट्ट्यांची करडी पँट मिळाली, टॉप हॅटचं बघतोय.)