मदत हवी आहे: मेक्सिकोतल्या कोरियन गिरमिटियांबद्दल

नमस्कार मंडळी. गिरमिट, म्हणजे करारावर परदेशी नेलेल्या मजुरांची मजुरी, म्हटलं की आपल्याला मॉरिशस, फिजी आठवतं. पण एप्रिल १९०५ मध्ये हजाराहून जास्त कोरियन माणसं, बायकापोरांसकट, 'इलफोर्ड' नावाच्या जहाजातून मेक्सिकोला गेली. करार चार वर्षांचा. मेक्सिकोच्या युकातान भागातल्या मळ्यांत हेनेकेन कापायचं काम. आपल्या बांधावरच्या घायपाताच्याच कुळातली ही वनस्पती. तिच्या वाखाचे दोर अमेरिकेत पिकांच्या पेंढ्या बांधायला जायचे. पानांच्या कडेला काटे, त्यामुळे हात सोलवटून निघायचे (घायपाताचा काटा ज्याला लागलाय त्याला वेगळं सांगायला नको).

१९०९ मध्ये करार संपले, पण परतायचं कुठे? १९१० मध्ये जपानने कोरियाच गिळला. बरेचजण तिथेच राहिले, काही १९२१ मध्ये क्यूबाला गेले.

यावर दिवाळी अंकासाठी लेख लिहितोय, तर दोन गोष्टी हव्यात. युकातानमधल्या मेरिदा शहरात या स्थलांतरितांचं संग्रहालय आहे, ते कुणी पाहिलंय का? आणि पूर्वी घायपाताचा वाख काढणारं घरात कुणी असेल तर त्या कामाचे शब्द विचारून सांगाल का? पान कापणं, ठेचणं, धुणं, सगळंच. शब्दकोशातले नकोत, बोलण्यातले हवेत.