सल्ला हवा: 'पूर्ण शिकलेला' घोडा ओळखायचा कसा? (इंदूर)

खंडवारोडकर
नमस्कार मंडळी. मुलगी चौदा वर्षांची, दोन वर्षांपासून क्लबात घोडेस्वारी शिकतेय. आता सिमरोलच्या पुढे शेतावर स्वतःचा घोडा ठेवायचा विचार आहे. बजेट दोन लाख, त्यावर एक रुपया नाही, कारण शेडही बांधायची आहे. अधूनमधून मीही बसेन, वजन ८४ किलो.

दोन जनावरं बघितली. एक मारवाडी घोडी, पाच वर्षांची, कुमैत (तांबूस तपकिरी), अंदाजे ३५० किलो. मालक म्हणतो फुल ट्रेन केलेली आहे. ढोलावर नाचते, दोन पायांवर उभी राहते, सलाम करते. दुसरा क्लबातला सोळा वर्षांचा गेल्डिंग (खच्ची केलेला घोडा), शर्यतीच्या थरोब्रेड जातीचा क्रॉस, गुडघ्यावर जुना व्रण. त्याला असलं काहीच येत नाही. मुलीचं मन घोडीवर आहे. काय बघून ठरवू?

बडोदेकर_स्वार
मी गेल्या वर्षी काठियावाडी घेतला, साडेचार लाखांना. कानांची टोकं एकमेकांना टेकतात! रेवाल या हिसके न देणाऱ्या चालीत पंचवीस किलोमीटर गेलो, दुसऱ्या दिवशी कंबर दुखली नाही. दोन लाखांत चांगलं जनावर मिळत नाही, बजेट वाढवा.

तुकोगंज
घाई कशाला? दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत जा. तापीकाठी शेकडो घोडे एका जागी बघायला मिळतात, भावही तिथेच कळतो. फक्त अंगावरच्या केसांचे भोवरे नीट तपासा. आमच्या आजोबांनी अशुभ भोवऱ्याचा घोडा दारात उभा राहू दिला नाही कधी.

मोतद्दार_महू
भोवरा कुठेही असो, त्यानं घोडा थांबत नाही. महूला वीस वर्षं खरारा केलाय, मग बसायला लागलो, म्हणून सांगतो.

खंडवारोडकर भाऊ, नाच आणि सलाम बाजूला ठेवा. न कळवता पहाटे जा. कळवून गेलात तर आधी तासभर पळवून दमवलेला घोडा समोर आणतात. तंगाच्या (खोगीर आवळायच्या पोटपट्ट्याच्या) जागी घामाचे वाळलेले पट्टे दिसले तर समजून घ्या. तंग आवळताना कान मागे टाकतो का, चारही पाय उचलून देतो का बघा. नालबंदाला दमवणारा घोडा मुलीला एकटीला सांभाळता येणार नाही. मग आधी मालकाला बसवा. तो कां-कूं करायला लागला तर तिथूनच परत या.

तुम्ही बसाल तेव्हा रिकिबीत पाय ठेवून मुद्दाम थांबा. मांड पक्की होईस्तोवर घोड्यानं हलता कामा नये. पोटरीच्या दाबावर पुढे जावा, तुमची बैठक जड झाली की मंदावा, लगाम सगळ्यात शेवटी. डावीकडे वळतो तितक्याच सहज उजवीकडे वळावा. नंतर बाकीची घोडी मागे ठेवून एकट्याला फाटकाबाहेर न्या, दोनशे पावलांवर थांबवा, लगाम सैल सोडा आणि घराकडे तोंड करा. परत येताना पाऊल वाढवलं नाही तर तो शिकलेला. ही परीक्षा नव्या स्वारानं घ्यायची. रोजच्या माणसाखाली सगळेच शहाणे असतात.

सुदामानगर
मोतद्दार बरोबर बोलले. आपल्या इंदूरची सुदीप्ती हजेला २०२३ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ड्रेसाजच्या (घोड्याकडून ठरलेल्या चाली करून घेण्याच्या प्रकाराच्या) सांघिक सुवर्णात होती. ड्रेसाज बघा, स्वाराचा हात हललेला दिसत नाही. माझी भाची तेव्हापासून घोडा घोडा करतेय, पण फी ऐकून भावाने हात टेकले.

लष्करवाली_ताई
ग्वाल्हेरहून लिहितेय. आम्हीही नाचणारीच घोडी घेतली होती, 'एकदम शांत' म्हणून. रस्त्यानं वरात आली, ढोल वाजला आणि घोडी जागच्या जागी नाचायला लागली. वर माझा भाचा. घाबरून त्यानं लगाम ओढली, तर ती सरळ दोन पायांवर! मनगट मोडलं पोराचं. नंतर कळलं की दोन पायांवर उभं राहणं तिला लगाम वर खेचूनच शिकवलं होतं. शिकवलं होतं तेच तिनं केलं, तिला काय दोष देणार? पण मूल घाबरलं की पहिल्यांदा लगामच ओढतं.

रेसकोर्सप्रेमी
पुण्याच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेला घ्या. मला सत्तर हजारांत मिळाला. काय देखणा आहे!

मोतद्दार_महू
देखणा असेल, पण शर्यतीचा घोडा लगामीवर, म्हणजे तोंडातल्या लोखंडी पट्टीवर, भार टाकून पळायला शिकलेला असतो. मूल जितकं ओढेल तितका तो जोर लावेल. नव्यानं शिकवायला जाणता माणूस आणि बरेच महिने लागतात.

एक राहिलं. स्वार अधिक खोगीर हे वजन घोड्याच्या पाचव्या हिश्शाच्या आत हवं. साडेतीनशे किलोच्या घोडीवर सत्तर किलो, म्हणजे भाऊ, तुम्ही तिच्यावर बसायचंच नाही. शिवाय मणक्याची हाडं साडेपाच वर्षांच्या आसपास पक्की होतात आणि तिला आत्ताच दोन पायांवर उभी करतात. सोळा वर्षांचाही घेऊ नका, आठ ते बारातला शोधा.

तुकोगंज
भोवऱ्याला नावं ठेवू नका. अनुभवाशिवाय जुनी माणसं बोलत नव्हती.

बडोदेकर_स्वार
सोळा वर्षं म्हणजे म्हातारा. उद्या विकायला काढलात तर कोण घेईल?

खंडवारोडकर
दोन्हीकडे न सांगता गेलो. घोडीच्या तोंडाच्या कोपऱ्यांत पांढरे केस आणि जुने वळ होते, लगामीला काटेरी कडी. मुलीनं बोट लावायला हात नेला तर घोडीनं मान झटकून वर केली. मुलगी परत येताना गाडीत एक शब्द बोलली नाही.

गेल्डिंगला फाटकाबाहेर नेलं. समोरून उसाची ट्रॉली आली, मागं प्लास्टिकची ताडपत्री फडफडत होती. त्याचा एक कान तिकडे वळला, दुसरा मुलीकडेच. ती हळूच 'हो' म्हणाली आणि तो थांबला. मोतद्दारकाका, परतीचा सगळा रस्ता लगाम सैल होती, चाल तीच.

महूच्या व्हेटरनरी कॉलेजात तपासून घेतला. गुडघा पूर्ण वाकतो, उडी मात्र सांगायची नाही असं बजावलंय. एक लाख दहा हजारांना घेतला. सगळ्यांनी नको म्हटलं ते ठाऊक आहे, पण मला तो विकायचा नाहीच. चार-पाच वर्षं मुलीला शिकवेल, नंतर शेतावर राहील.

मोतद्दार_महू
मी असतो तर घेतला नसता. आता घेतलाच आहे तर क्लबातला चारा आठवडाभराचा सोबत आणा आणि नवा थोडा थोडा मिसळत जा, एकदम बदलू नका. घोड्याला उलटी होत नाही, पोटशूळ उठला की जिवावर बेततं. धनुर्वाताची लस कधी दिली ते विचारून घ्या. दात दाखवून घ्या, या वयात कडा टोकदार होतात आणि दाणा अर्धवट चावला जातो. नाव काय त्याचं?

खंडवारोडकर
क्लबात नुसता नंबर होता, चौदा. मुलगी अजून ठरवतेय.