पुळणीवर कासवाची अंडी सापडलीत, गावाला यात कसं ओढावं?

सुरूचं_बन विचारतो:

मी देवगड तालुक्यातला. नोकरी पुण्यात, सध्या घरून काम म्हणून दोन महिने गावी आहे. परवा पहाटे फिरायला गेलो तर पुळणीवर लहान ट्रॅक्टर गेल्यासारखा माग दिसला, पाण्यातून वर आलेला आणि परत पाण्यात गेलेला. त्याच्या टोकाला वाळू उकरलेली, कुत्र्यांनी खाल्लेल्या अंड्यांची टरफलं पडलेली. चामड्यासारखी मऊ, पांढरी. आज तसाच दुसरा माग मिळालाय. तिथं अजून कुणी हात लावलेला नाही. वर ओंडका आणि काट्या टाकून आलोय.

गावात सांगितलं तर निम्मे हसले. कासवं पूर्वीपासून येतात, त्यात काय एवढं! आणि शेजारच्या वाडीतले एक आजोबा वर्षानुवर्षं अंडी काढून नेतात, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्यावर तक्रार करावी असं मनात येतंय. आम्ही चार-पाच पोरं अंडी उचलून आमच्या आवारात वाळूत पुरायला तयार आहोत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला गावकऱ्यांनी कासवं राखणं जमवलं ना? मग आम्हाला का जमू नये? सुरुवात कुठून करू?

---

पडवीवरून लिहिते:

आधी ते आवारात पुरायचं डोक्यातून काढा. आपल्याकडे अंडी घालायला येतं ते ऑलिव्ह रिडले जातीचं समुद्री कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे. परवानगीशिवाय अंड्याला हात लावलात तर आजोबा आणि तुम्ही एकाच रांगेत. आत्ता, हे वाचून झाल्यावर लगेच, वनरक्षकाला फोन लावा. नंबर नसेल तर वनपरिक्षेत्र कार्यालयात माणूस धाडा.

दुसरं कारण अंड्याचंच आहे. घातल्यावर काही तासांत आतला जीव टरफलाला वरच्या बाजूला चिकटतो. मग अंडं फिरलं, गडगडलं की तो मरतो, आणि बाहेरून काही कळत नाही. तुम्ही पन्नास दिवस राखण करत बसाल आणि शेवटी हाती नासकी अंडी. हलवायचीच तर माहितगार माणसाने, लवकरात लवकर, होती तशीच ठेवून. नवा खड्डाही मादी पाडते तसाच हवा. तोंड अरुंद, पोट मोठं, पाण्याच्या घागरीसारखा, कोपर बुडून थोडा वर जाईल एवढा खोल.

आता आजोबा. त्यांच्यावर तक्रार करू नका. त्यांच्या घरी चहाला जा.

मी दापोली तालुक्यातली. आमच्या गावात काम सुरू झालं तेव्हा पहिला माणूस घेतला तो अंडी काढणाराच. का, तर घरटं कुठे आहे हे त्यालाच कळायचं! माग दिसला म्हणजे अंडी दिसली असं नसतं. मादी जाताना वाळू ओढून, अंगाने दाबून जागा सारखी करते, कधी नुसतीच फिरून अंडी न घालता परत जाते. आमची शिकलेली पोरं अर्धा तास उकरत बसायची. हा माणूस यायचा, अनवाणी टाच दोन-तीन ठिकाणी दाबायचा आणि म्हणायचा, "हिथं." वाळू पोकळ लागते म्हणे. मी पण टाच दाबून पाहिली, मला सगळीकडे वाळूच लागली.

त्याला आम्ही "तू चोर" असं कधी म्हटलं नाही. तो अंडी विकायचा त्यात महिन्याचं तेल-मीठ निघत नव्हतं. मानधन ठरलं, गळ्यात "कासवमित्र" असं ओळखपत्र आलं, शाळेची पोरं सर म्हणायला लागली. आता किनाऱ्यावर कुणी परकं उकरताना दिसलं तर त्याच्याच शिव्या ऐकवत नाहीत.

वेळासचं म्हणाल तर तिथलं काम २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरेंनी सुरू केलं. पिल्लं समुद्रात जाताना पाहायला पाहुणे येतात तो कासव महोत्सव आला २००६ मध्ये. म्हणजे मधली चार वर्षं पाहुणे नाहीत, मोदक नाहीत, नुसतं पहाटे उठणं. लोक जातात ते महोत्सवाला, म्हणून त्यांना वाटतं आधी फलक लावायचा आणि मग कासव आणायचं.

पैशाचं आधी ठरवा, हे मात्र मी ओरडून सांगेन. आमच्याकडे पहिल्या वर्षी पाहुणे आले ते वरच्या आळीत. पक्की घरं, न्हाणीघरात फरशी, दारापर्यंत गाडी. पहाटे चारला बॅटरी घेऊन चार किलोमीटर चालणारा माणूस राहतो खालच्या वाडीत, त्याच्याकडे कोण उतरणार? दोन हंगाम गेले आणि तिसऱ्याला तो आलाच नाही. बरोबर केलं त्याने. मग देवळात बैठक झाली, चांगली वाजली. आमचे हे आणि त्यांचे सख्खे चुलतभाऊ आठ महिने बोलत नव्हते. शेवटी ठरलं की पाहुणे पाळीने वाटायचे, आणि माणशी ठराविक रक्कम आधी राखणदारांच्या डब्यात, मग यजमानाला. तो डबा आमच्या कपाटात आहे, किल्ली खालच्या वाडीत.

चूक आमचीही सांगते. हलवलेली अंडी पुरायला जाळीचं पहिलं कुंपण घातलं ते पाण्याजवळ, पिल्लांना चालायला कमी पडेल म्हणून. अमावास्येचं उधाण आलं आणि पाणी जाळीतून आत. सहा घरटी होती. सकाळी वाळू सपाट आणि पाट्या तरंगून सुरूच्या मुळाशी लागलेल्या, त्यांच्यावर तारखा तशाच. सासूबाई मोठ्या भरतीची काडीकचऱ्याची रेघ हाताने दाखवून म्हणाल्या, "मला विचारलं असतंत तर!" त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

---

नोंदवही:

ताईंचं बरोबर आहे. एक जोड देतो, मी काही हंगाम नोंदी ठेवल्यात.

कुंपण हा पहिला पर्याय समजू नका. जागा भरतीरेषेच्या वर असेल आणि कुत्रे, कोल्हे आवरता येत असतील तर घरटं आहे तिथेच ठेवून वर जाळी बसवता येते. वाळू गरम तर माद्या जास्त, थंड तर नर. सगळी अंडी एकाच उघड्या चौकोनात आणली की सगळ्यांना एकच हवा लागते. मार्च-एप्रिलला वर सावली करावी लागते, तीही मापात. निर्णय वनखात्यासोबत घ्या.

आणि लिहून ठेवा. तारीख, जागा, अंडी किती, बाहेर किती आली, आत किती राहिली. सुटलेल्या पिल्लांचा आकडा सगळे सांगतात, नासलेल्या अंड्यांचा कुणी सांगत नाही.

---

रापणकार:

माका एकच सांगूचा आसा. अंडी राखतास ता बरा, पण मादी दर्यातच मेली तर? आमच्या रापणीत, म्हणजे किनाऱ्यार ओढतत त्या जाळ्यात, कधीमधी कासव गावता, ता जिवंत असता, सोडूक येता. ट्रॉलरच्या जाळ्यात गावला की श्वास घेवक वर येवक गावणा नाय, बुडान मरता. जाळा कापून सोडल्यार सरकार २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देता, पण सोडतानाचो फोटो व्हयो. ह्या बंदरावर जावन सांगा, नुसता पुळणीवर नको. आणि सांगताना आमका शिकवल्यासारख्या सांगू नको.

---

शनिवारचा_पाहुणा:

मी मुंबईहून दोनदा गेलोय पिल्लं पाहायला. पहिल्यांदा एकही नाही निघालं आणि सोबतचे लोक यजमानावर चिडले, पैसे परत मागायला लागले! मला अजून लाज वाटते. पण गावाने हे फलकावर आधीच लिहिलं तर बरं.

एक शंका. आपल्याकडे येतात ती संख्येने किती थोडी, ओडिशात तर लाखांनी येतात. मग एवढ्या खटाटोपाचा उपयोग होतो का?

---

पडवीवरून लिहिते:

तुमच्यासारखा लाजणारा पाहुणा दर शनिवारी यावा. आमच्याकडे एकाने विचारलं होतं, "एक पिल्लू बादलीत ठेवलंत तर? मुलगी उठली की दाखवू." मी त्याला चहा दुसऱ्यांदा दिला नाही.

ओडिशाचं म्हणता, तर ऐका. २०२१ साली ओडिशात वल्ह्यासारख्या पायावर टॅग लावलेली मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. आणि २०२३ मध्ये गुहागरहून उपग्रहाचं यंत्र लावून सोडलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. तेव्हा तुमची-आमची कुठली वाटून घ्यायची? हजारात एखादंच मोठं होतं म्हणतात. आपल्या कुत्र्याने शंभर खाल्ली तर ती वजाबाकी कुठल्या किनाऱ्याची?

पैशाशिवाय गाव टिकतं का, असंही पूर्वी एकाने इथे विचारलं होतं. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, पाहुणे बंद. ३ जूनला निसर्ग वादळाने आमच्या माडा-पोफळींची वाट लावली. घरावर कौल नव्हतं. त्या थंडीत कोण जाणार पुळणीवर, असं मला वाटलं होतं. खालच्या वाडीतला गेला. रोज नाही गेला, खोटं कशाला बोलू. पण बहुतेक गेला, आणि डब्यात तेव्हा चारशे वीस रुपये होते.

---

सुरूचं_बन:

सगळ्यांचे आभार. कळवायचं राहिलं होतं. वनरक्षक त्याच दुपारी आले. घरटं उंचावर आहे म्हणून हलवलं नाही, जाळी लावली, कागद केले.

आजोबांकडे गेलो होतो. आधी दारातच उभं ठेवलं. म्हणाले, "पोलीस आणलंस काय?" मग चहा झाला. संध्याकाळी स्वतःहून पुळणीवर आले आणि मी दाखवलेल्या जागेवर हसले. घरटं माझ्या ओंडक्यापासून सहा फूट डावीकडे होतं! मी तीन रात्री नुसती वाळू राखली. जाळी आता त्यांनी दाखवलेल्या जागी आहे.

त्यांनी दोन गोष्टी विचारल्यात. बॅटरीच्या सेलचे पैसे कोण देणार, आणि पिल्लं निघायच्या वेळी वर घालायला मासळीची जुनी पाटी चालेल का.

---

पडवीवरून लिहिते:

पाटी चालेल. धुऊन चार दिवस उन्हात टाका, वास राहिला तर कुत्री पहिली तिथेच येतील. अंडी घातल्यापासून चाळीस दिवस झाले की पालथी घाला, वर दगड ठेवा, आणि मग पहाटे, दुपारी, संध्याकाळी उचलून बघा. उन्हात पाटीखाली पिल्लू राहता कामा नये.

सेलचे पैसे पहिल्या महिन्याला तुम्ही द्या. पुण्याचा पगार आहे ना?