विषय: स्टेजचे फोटो काढायला कॅमेरा, बजेट ५०० डॉलर

नमस्कार मंडळी,

यंदा गणपतीच्या कार्यक्रमात लेक कोळीनृत्यात आहे. गेल्या वर्षी हायस्कूलच्या ऑडिटोरियममध्ये फोनने फोटो काढले, तर चेहरे सगळे पुसट आणि हात गायब! म्हणून कॅमेरा घ्यायचा विचार आहे. वापरलेल्या निकॉन डी३४०० चा एक संच दिसतोय: १८-५५ आणि ७०-३०० मिमी अशा दोन लेन्स, बॅग, ट्रायपॉड, सगळं मिळून ४५० डॉलर. शिवाय सासऱ्यांच्या जुन्या निकॉन एफएम२ या फिल्म कॅमेऱ्याच्या दोन लेन्स पुण्याहून आणून ठेवल्यात. त्या चालल्या तर बरंच. पुण्याचा भाचा म्हणतो, "मामी, कॅनन १५००डी घे." तो इथे अमेरिकेत कुठे दिसतच नाही. कोणी सांगेल का?

– बालनृत्य गटातली एक आई

---

ताई,

१५००डी इथे रिबेल टी७ या नावाने मिळतो. कॅमेरा तोच, म्हणजे भाचा बरोबर आहे. पण निकॉनचा तो दोन लेन्सचा संच घेऊ नका. ७०-३०० पूर्ण लांब केली की अ‍ॅपर्चर (उजेड आत घेणारं भोक; आकडा मोठा तितकं ते लहान) एफ/६.३ वर येतं, आणि आपल्या हॉलमधल्या उजेडाची कथा तुम्हाला माहीत आहेच. नाच टिपायचा तर शटर १/२५० सेकंद तरी हवं. एफ/५.६ ला जिथे १/२५ मिळतं तिथे एफ/१.८ ला १/२५० च्या आसपास मिळतं, कारण उजेड जवळजवळ दहापट आत येतो. विक्रेता व्हीआर, व्हीआर (लेन्समधली थरथर सावरणारी सोय) करेल. त्याने आपला हात हलल्याचं निभावतं, मुली नाचताहेत त्याला तो काही करू शकत नाही. ट्रायपॉडचंही तेच.

तेव्हा बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) जुनी चालेल, पैसे लेन्समध्ये घाला. नुसता डी३४०० आणि ५० मिमी एफ/१.८.

आता निकॉनची गोम. डी३००० आणि डी५००० मालिकांतल्या बॉडीत आपोआप फोकस करणारी मोटर नसते, ती लेन्समध्येच असावी लागते. ऑनलाइन ५० एफ/१.८ शोधलीत की सगळ्यात स्वस्त दिसेल ती 'एएफ-डी'. ती व्यवस्थित बसते, फोटोही निघतो, पण फोकस हाताने करावा लागतो. नाचणाऱ्या मुलींवर तो कोण करणार? तुम्हाला हवी ती २०११ ची 'एएफ-एस ... जी'. नावात एएफ-एस आहे की नाही एवढं बघा. विक्रेत्याच्या "फिट्स निकॉन" वर अजिबात जाऊ नका.

आणखी एक प्रकार आहे, एएफ-पी. ती डी३४०० वर चालते. पण कोणी स्वस्तातला डी३२०० गळ्यात मारला, तर त्यावर एएफ-पीचा फोकस हातानेसुद्धा होत नाही.

सासऱ्यांच्या लेन्स बसतील. निकॉनचं एफ माउंट (बॉडीवर लेन्स बसते ती जागा) १९५९ पासूनचं आहे. मात्र डी३४०० वर लाइट मीटर (उजेड मोजणारी सोय) चालणार नाही, फोकसही हातानेच. घरच्या आरासीचे फोटो काढायला मजा येईल, कार्यक्रमाला नेऊ नका. त्याआधी टॉर्च मारून काच आरपार बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या लेन्सना बुरशी धरते, आत कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. तशी असेल तर दुरुस्तीवर खर्च करण्यात अर्थ नाही. आठवण म्हणून ठेवा.

कॅननमध्ये मोटरची भानगड नाही. १९८७ पासूनच्या प्रत्येक ईएफ लेन्समध्ये स्वतःची मोटर असते, त्यामुळे जुना रिबेल टी३आय असो की टी७, ५० मिमी एफ/१.८ एसटीएम लावली की झालं. २०१५ मध्ये ती नवी आली तीच साधारण १३० डॉलरला. फक्त फिल्मच्या जमान्यातल्या जुन्या सिग्मा लेन्सपासून लांब राहा. डिजिटल बॉडीवर त्या बऱ्याचदा 'एरर ९९' दाखवतात.

– मंडळाचा माजी खजिनदार (म्हणून एवढा हिशेब)

---

काका, डीएसएलआर (हे आरसा असलेले जुन्या पद्धतीचे कॅमेरे) आता कशाला? कॅनन आणि निकॉन दोघांनीही २०१८ मध्ये मिररलेससाठी (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी) नवी माउंट काढली, सगळ्या नव्या लेन्स तिकडेच येताहेत. थोडे पैसे साठवून ताईंनी एकदाच मिररलेस घ्यावा असं मला वाटतं.

– ध्वनिव्यवस्थेतला मी

---

अरे, मुलगी यंदा नाचणार आहे, पैसे साठेपर्यंत ती कॉलेजला जाईल! आणि आज घेतलेली लेन्स वाया जात नाही. ईएफ लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून कॅननच्या मिररलेसवर ऑटोफोकससकट चालते. मिररलेसच्या नव्या आरएफ लेन्स मात्र जुन्या रिबेलवर बसणार नाहीत. निकॉनच्या मिररलेससाठीच्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरवर एएफ-एस चालते, एएफ-डी तिथेही हातानेच. म्हणजे आत्ता योग्य लेन्स घेतली की बॉडी पुढे केव्हाही बदलता येईल. पण नवी बॉडी घ्याल तेव्हा ग्रे मार्केटची (अधिकृत वितरकाला वगळून परदेशातून आणलेली) नको. तसला माल निकॉनचं अमेरिकेतलं सर्व्हिस सेंटर पैसे देऊनही दुरुस्त करत नाही.

– मा. ख.

---

दोघांचेही आभार! एकच शंका: ५० ने स्टेज लांब दिसणार नाही का? मी नेहमी मागे बसते, धाकटा रडला तर बाहेर नेता यावं म्हणून.

---

ताई, या बॉडींचा सेन्सर लहान, त्यामुळे ५० मिमी म्हणजे फुल फ्रेमच्या (मोठ्या, ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) ७५-८० इतकी दिसते. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतून मुली छान येतात. मागून काढायचं तर ८५ एफ/१.८ लागेल, ती ५० पेक्षा बरीच महाग. त्यापेक्षा धाकट्याला बाबांकडे द्या आणि पुढे या.

माझा जुना टी३आय आणि ५० घरी पडून आहे. रंगीत तालमीला घेऊन येतो, दोन गाणी काढून बघा. आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) ३२००, शटर १/२५०, अ‍ॅपर्चर एफ/२ वर लावून देईन. फ्लॅशला हात लावू नका, प्रकाशयोजनेवाल्या काकू मंडळातून काढून टाकतील दोघांनाही.

– मा. ख.