पिकअप सुरू होत नाही, शनिवारच्या आत काहीतरी करा

भाऊ, मंगळवार रात्री

पिकअप परत अडली. किल्ली फिरवली की एकदाच टक्, पुढे काही नाही. दिवे लख्ख, हॉर्नही खणखणीत. बॅटरी गेल्या महिन्यातच अप्पांच्या सांगण्यावरून नवी टाकली. शनिवारी सकाळी खुर्च्या, पडदे आणि स्पीकर हलवायचेत, दुसरी गाडी नाही. माझ्या मते सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर, गेला. जुना चालू सेल्फ कुणाकडे पडून आहे का?

अप्पा, मंगळवार रात्री

माझं नाव घेतलंस म्हणून लिहितो. त्या दिवशी जुनी बॅटरी ११.९ व्होल्ट दाखवत होती. भरलेली बॅटरी १२.६ दाखवते, ११.९ म्हणजे जवळपास रिकामी. चार्ज केली तरी दुसऱ्या दिवशी परत तिथंच, म्हणून बदलायला सांगितली. आता सेल्फ काढायच्या आधी एक कर. आतला दिवा लावून किल्ली फिरव. दिवा मंदावतो की तसाच राहतो?

नाना, बुधवार सकाळी

सेल्फवर हातोडीच्या दांड्यानं हलकेच ठोका आणि त्याच वेळी दुसऱ्यानं किल्ली फिरवावी. माझ्या जुन्या गाडीच्या सेल्फचे ब्रश झिजले होते, असंच करून महिनाभर रेटलं. तेही जमलं नाही तर चार जण लावा आणि धक्का मारा.

माई, बुधवार सकाळी

नाना, पिकअप ऑटोमॅटिक आहे. धक्क्यानं ती सुरू होत नाही. मागच्या वर्षी सहा जणांनी पार्किंगभर ढकलली, त्यानंतर आमच्या ह्यांची कंबर पंधरा दिवस धरली होती. कृपा करून कुणी ढकलू नका. भाऊ, न्यूट्रलमध्ये टाकून पाहिलंत का?

नाना, बुधवार सकाळी

माई, मागच्या वर्षी मी तिथं नव्हतो. असतो तर ढकलू दिली नसती. गिअरवाल्या गाडीला धक्का चालतो, एवढंच माझं म्हणणं.

भाऊ, बुधवार दुपारी

न्यूट्रलमध्येही तेच. ठोकूनही पाहिलं, फरक नाही. अप्पा, दिवा अजिबात मंदावत नाही.

अप्पा, बुधवार दुपारी

मग सेल्फ मागवू नकोस, थांब. सेल्फ खरोखर फिरायला लागला की दीडशे-दोनशे अँपिअर ओढतो, तेव्हा दिवा मंदावतोच. तुझा मंदावत नाही, म्हणजे एवढा प्रवाह वाहतच नाहीये. टक् होतं, म्हणजे किल्ली आणि गिअरचा स्विच (पार्क किंवा न्यूट्रलमध्येच सेल्फ लागू देणारा) ठीक आहेत. उरले सेल्फच्या सोलेनॉइडमधले (सेल्फला प्रवाह जोडणारा चुंबकी स्विच, तोच टक् करतो) तांब्याचे संपर्क आणि बॅटरीच्या दोन जाड वायरी.

वायर नुसती डोळ्यांनी बघून भागत नाही. आतून कुजून चार तारा उरल्या तरी मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, कारण त्या वेळी ओढणारं कुणी नसतं. म्हणून किल्ली फिरवलेली असतानाच मोजायचं. गाडी पार्कमध्ये, हँडब्रेक वर, हात इंजिनच्या फिरत्या पट्ट्यापासून लांब. आधी बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर ती वायर खराब. मग बॅटरीच्या मायनसपासून इंजिनच्या उघड्या धातूपर्यंत. इथं ०.२ च्या आसपासच हवं. मीटर आपल्या कपाटातला घे.

ताई, बुधवार दुपारी

कपाटात मीटर नाही. नोंदवहीत शेवटची नोंद फेब्रुवारीतली आहे, नेलेला म्हणून लिहिलाय, परत आल्याचं लिहिलेलं नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी आज आणून द्यावा. जंपर केबल आहेत, पण त्याही सही करूनच न्या. कपाटाची किल्ली माझ्याकडेच राहील.

नाना, बुधवार संध्याकाळी

मीटर माझ्याकडे होता. फेब्रुवारीत इन्व्हर्टर बघायला नेला आणि राहून गेला. भाऊला दिला आहे.

ताई, बुधवार संध्याकाळी

नाना, भाऊला नाही, कपाटात द्यायचा होता. वहीत मी आता भाऊंचं नाव लिहिते.

भाऊ, बुधवार रात्री

प्लसच्या बाजूला ०.२. मायनसच्या बाजूला ८ च्या वर! अप्पांनी फोनवर सांगितलं म्हणून एक जंपर केबल बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनच्या लोखंडाला लावली, आणि पहिल्या किल्लीला सुरू झाली. मग अर्थिंगची, म्हणजे मायनसपासून इंजिनला जाणारी, वायर काढली. आवरण वरून धड, पण ज्या बोल्टला ती इंजिनवर बसते तिथं कापलं तर आत सगळी हिरवी भुकटी.

अप्पा, बुधवार रात्री

तर मग गेल्या महिन्यातलं माझं निदान अर्धंच होतं. बॅटरी चार्ज करणाऱ्या आल्टरनेटरचा प्रवाहही बॅटरीतून याच वायरीनं इंजिनाकडे परततो. वायर तेव्हाच कुजायला लागली असेल तर जुन्या बॅटरीला पूर्ण चार्ज मिळतच नव्हता. ती टाकून दिलीस का? नसशील तर चार्ज करून बघू. नवी वायर तेवढ्याच जाडीची घे, बोल्टची जागा घासून लखलखीत कर. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ च्या आसपास दिसलं पाहिजे. तेही मोज.

भाऊ, गुरुवार संध्याकाळी

वायर बदलली. इंजिन चालू असताना १४.२. सकाळी थंड इंजिनावर तीनदा सुरू करून पाहिली, तिन्ही वेळा लगेच. जुनी बॅटरी गॅरेजमध्ये आहे, अप्पा, रविवारी या. शनिवारी आठला निघतो. मागे बसून स्पीकर धरायला दोन माणसं लागतील.

माई, गुरुवार रात्री

मागच्या हौद्यात कुणी बसायचं नाही. स्पीकर दोरीनं बांधा. आमचे हे येतील, पण उचलणार नाहीत.

ताई, गुरुवार रात्री

मीटर आणि केबल उद्या सातच्या आत कपाटात.